बेळगावात राहून संग्रहालयं आणि सांस्कृतिक प्रदर्शनं घडवणारा क्रिएटिव्ह डायरेक्टर होता येईल का? प्रोजेक्टर, व्हीआर (चष्मा लावून दिसणारं आभासी जग) शिकावंच लागेल का?

होता येईल. मी मूळचा निपाणीचा, नेपथ्य करता करता या कामात आलो आणि आता पोट यावरच आहे. यंत्रं शिकालच, ती चालवणारे तंत्रज्ञही मिळतात. क्रिएटिव्ह डायरेक्टरकडे लोक येतात ते काय वगळायचं हे ठरवून घ्यायला.

निपाणीच्या विडी कामगार बायकांवर आम्ही एक दालन केलं. सुरुवातीला प्रत्येकाला तिथे तंबाखूचा वास हवा होता. पण वखारीत पाय ठेवलेल्याला विचारा, तिथे वासाआधी ठसका लागतो. बंद खोलीत दमेकरी आला तर? शिवाय नाक कुठल्याही वासाला काही मिनिटांत सरावतं, मग तो असून नसल्यासारखा. (वासाचा प्रयोग नवा नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कचं व्हायकिंग केंद्र १९८४ पासून त्यासाठी ओळखलं जातं.) आम्ही वास काढून टाकला. माणसाला जमिनीवर बसवलं, मांडीवर विड्या वळायचं सूप दिलं आणि सुपाच्या तळाला थरथरणारा छोटा स्पीकर लावला. कात्री पानातून फिरते, दोरा आवळला जातो, ते आधी तळहातांना कळतं. कानावर बायकांच्या गप्पा, मराठीत सुरू होऊन कन्नडात संपणाऱ्या, आमच्याकडे बोलतात तशाच. बाकी खोली रिकामी.

१९८१ चं तंबाखू आंदोलनही त्यात घ्या, असा आग्रह झाला. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले होते, माझ्याही गावाचा तो मोठा इतिहास आहे. पण तो या खोलीत आला असता तर या बायका पुन्हा मागे ढकलल्या गेल्या असत्या. म्हणून नाही घेतला. त्याला स्वतंत्र दालन हवं.

बंधनंही शिकावी लागतात. जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड टाकत नाहीत. बेळगावच्या शहापूरची जुनी साडी मांडायची तर आधीची दालनं हळूहळू मंद करत न्यावी लागतात, म्हणजे तिथे पोचेपर्यंत डोळे सरावलेले असतात.

शिक्षण म्हणाल तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एक्झिबिशन डिझाइन शिकवतात. आर्किटेक्चर, नाटक, साउंड यांतूनही माणसं येतात. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तो चुकवू नका. पण त्याआधी बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथात एखाद्या मंडळाकडे लाइटचं काम मागा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा सजीव देखावा, आजूबाजूला ढोलताशा, जनरेटरचा आवाज, पुढे सरकणारी गर्दी. प्रसंग अर्ध्या मिनिटात पोचला नाही तर ट्रॉली पुढे गेलेली असते. इतकं कठोर शिक्षण मला कुठल्याच वर्गात मिळालं नाही.

पैसे उशिरा येतात. सरकारी काम निविदेतून मिळतं, बिल रेंगाळतं. सुरुवातीला लग्नसमारंभ आणि कंपन्यांचे स्टॉल यांवर घर चालवायची तयारी ठेवा.

पोर्टफोलिओत चकचकीत थ्रीडी चित्रं कमी ठेवा. एकाच खोलीचा नीट आराखडा करा. समजा, खानापूरच्या कुंभारकामाचा. ओल्या मातीचा वास माती वाळली की जातो, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा टिकवाल, पाणी कोण शिंपडेल, ओल भिंतीत जाणार नाही यासाठी काय कराल, हे सगळं लिहा. कामावर माणूस घेताना मी तेच पान आधी वाचतो.