गोळी गिळता येत नसेल तर मॉर्फिन द्यायचे कसे?

गिळणे बंद झालेल्या कर्करुग्णाला वेदनाशमनासाठी पॅच लावावा की इंजेक्शन द्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग होता आणि आमच्या घरात नेमका यावरूनच वाद झाला होता, म्हणून लिहितो आहे.

मॉर्फिनची गोळी घशाखाली उतरेनाशी झाली तेव्हा वडिलांच्या छातीवर फेंटानिलचा (मॉर्फिनच्याच गटातले तीव्र वेदनाशामक) पॅच, म्हणजे औषधी पट्टी, चिकटवून, आता तीन दिवस काळजी नाही, असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले. पॅचमधले औषध आधी कातडीत साठते, मग रक्तात उतरते. पुरेसा परिणाम जाणवायला 12 ते 24 तास लागतात आणि तोवर लवकर लागू पडणारे दुसरे औषध हाताशी असावे लागते, हे कोणीही सांगितले नाही. ती रात्र वडिलांनी उशीचा कोपरा दातांत धरून काढली. सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आलेल्या परिचारिकेने त्यांच्या दंडाच्या कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई बसवली, वर पारदर्शक पट्टी लावली आणि तिच्यातून मॉर्फिन दिले. अर्ध्या तासात त्यांच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या.

थोरल्या काकांचा याला कडाडून विरोध होता. सुई लागली म्हणजे माणूस संपला, हे त्यांचे ठाम मत. हे मत साफ चुकीचे आहे. तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फिनचा बराच भाग यकृतातच खर्ची पडतो, त्यामुळे कातडीखाली साधारण निम्मी किंवा एक तृतीयांश मात्रा पुरते. औषध तेच राहते, फक्त वाट बदलते.

माझ्या मते दुखणे स्थिरावलेले असेल तरच पॅच ठीक. ते रोज वाढत असेल तर कातडीखालची सुईच बरी, आणि त्या सुईतून चोवीस तास थोडे थोडे औषध सोडणारा पंप मिळाला तर उत्तम. खंगलेल्या शरीरात स्नायूंत वारंवार इंजेक्शने टोचणे हा निव्वळ छळ आहे. जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन (याच गटातले आणखी एक औषध) आणि फेंटानिल चांगले शोषले जातात, मॉर्फिन तितके नाही. गुदमार्गानेही औषध देता येते. मणक्यातून औषध देण्याचा मार्ग तज्ज्ञांवर सोडावा.

मात्र पूर्वी मॉर्फिनसारखी औषधे न घेतलेल्या रुग्णाला फेंटानिलचा पॅच लावू नये. ताप असेल किंवा पॅचवर गरम पिशवी ठेवली तर औषध जास्त शोषले जाऊन श्वास मंदावू शकतो, आणि पॅच काढल्यावरही अंमल बराच वेळ टिकतो. मूत्रपिंडे कमजोर असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे आणि मात्रेचे गणित घरी मांडू नये. रुग्ण शुद्धीवर असेल तर कोणता मार्ग हवा, हे नातेवाइकांनी आपसांत भांडण्याआधी त्यालाच विचारावे. काकांनी ते वडिलांना एकदाही विचारले नव्हते.