टीव्हीचे पैसे तुम्ही आधीच भरले आहेत

वाचकाचे पत्र : माझे वय 34 वर्षे असून दरमहा 62 हजार रुपये पगार हातात येतो. आमच्या 43 इंची टीव्हीचे चित्र अजून चांगले आहे, पण सहा वर्षांत तो फार मंद झाला असून काही ॲप त्यावर आता चालतच नाहीत. जीएसटी कमी झाल्यामुळे 65 इंची टीव्ही सेलमध्ये 85 हजारांना मिळतो आहे आणि सेल संपायला दोनच दिवस उरले आहेत. तो क्रेडिट कार्डावर 12 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घ्यावा, की 2 लाखांची मुदत ठेव मोडून रोखीने घ्यावा? कार्डाचा माझा व्यवहार चोख आहे. दीड वर्षात किमान रक्कम एकदाही चुकवलेली नाही. दरमहा 9 हजार भरतो, कार्डावर ओटीटी, संगीत आणि क्लाउडच्या 2,200 रुपयांच्या वर्गण्या धरून साधारण 8 हजारांची खरेदी होते. थकबाकी 90 हजार होती, ती आता 1 लाख 60 हजार आहे. गेल्या वर्षीचा बोनस नव्या फोनमध्ये गेला, पण यंदा दिवाळीत 1 लाख मिळाले की सगळे फेडणार आहे. ठेव मोडू नका, डिसेंबरमध्ये मुदत संपली की हमी परताव्याच्या योजनेत टाका, असे बँकेच्या प्रतिनिधीने सुचवले आहे. पत्रक सोबत जोडले आहे.

उत्तर : टीव्ही हप्त्यांनीही घेऊ नका आणि रोखीनेही घेऊ नका. ठेव मात्र याच आठवड्यात मोडा, पण टीव्हीसाठी नव्हे.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य टीव्हीविषयी नाही. किमान रक्कम, म्हणजे बिलाचा दर महिन्याला भरावाच लागणारा छोटा भाग, कधीही चुकवली नाही हे आहे, आणि ते तुम्ही अभिमानाने लिहिले आहे म्हणून मला त्याची अधिक काळजी वाटते. तुम्हीच दिलेले आकडे एकाखाली एक मांडू. दीड वर्षापूर्वी बाकी 90 हजार होती. त्यानंतर 18 महिन्यांत तुम्ही सुमारे 1 लाख 44 हजारांची खरेदी केली आणि 1 लाख 62 हजार भरले, म्हणजे खरेदीपेक्षा 18 हजार जास्तच भरले. तेव्हा आज बाकी 72 हजार असायला हवी होती. ती 1 लाख 60 हजार आहे. मधले 88 हजार रुपये व्याज, त्यावरील कर आणि शुल्कांचे आहेत. ज्या टीव्हीची किंमत परवडेल का असे तुम्ही विचारता, तेवढी रक्कम तुमच्या खात्यावर आधीच लागून गेली आहे आणि घरात त्याबदल्यात काहीही आलेले नाही.

हे कसे घडले, ते नीट समजून घ्या, कारण ज्याला हे समजत नाही तो एकदा फेडूनही पुन्हा त्याच जागी येतो. बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचे ते 42 टक्के होते आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मिळवला की 50 टक्क्यांच्या जवळ पोहोचते. शिवाय बिल पूर्ण भरले नाही की व्याजमुक्त मुदत संपते, त्यामुळे काल मागवलेल्या किराण्यावर आणि आज वळत्या झालेल्या ओटीटीच्या वर्गणीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. सेलमधील 10 टक्के सूट अशा कार्डावर तीन महिन्यांतच फिटून जाते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली 30 टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला, त्यामुळे या दरापासून एखादा नियम आपल्याला वाचवील अशी आशा धरू नये. फक्त किमान रक्कम भरल्यास फेड वर्षानुवर्षे लांबते, हा इशारा स्टेटमेंटवर छापलेला असतो. रिझर्व्ह बँकेने तो बंधनकारक केला आहे. तुमचे शेवटचे स्टेटमेंट काढून तो आज वाचा.

याच काळात तुमच्या 2 लाखांच्या ठेवीने 7 टक्के दराने जेमतेम 21 हजार मिळवले, तेही कर कापला जाण्यापूर्वीचे. एकीकडे 21 हजार येत असताना दुसरीकडे 88 हजार जात होते, आणि तरीही ठेव मोडू नका असे तुम्हाला सांगण्यात आले. प्रतिनिधीला ही थकबाकी दिसत नव्हती असे मी मानायला तयार नाही. त्याने सुचवलेल्या योजनेच्या पत्रकात वर्षाला 50 हजारांचा हप्ता 10 वर्षे भरायचा आहे, असे बारीक अक्षरांत लिहिले आहे. ती एकदाच ठेवायची ठेव नव्हे, तर विमा पॉलिसी आहे. तुमच्या 2 लाखांत तिचे चारच हप्ते भरतील आणि उरलेले सहा कोठून येणार, हे कोणीही विचारलेले नाही. अशा पॉलिसींचा परतावा साधारण पाच-सहा टक्के पडतो आणि मध्येच सोडल्यास भरलेल्या पैशांतूनही कपात होते. या योजनेवर सही करू नका.

बोनसविषयीही स्पष्ट लिहितो. तो पगारातच मिळवला जातो आणि त्यावर कर कापला जातो, त्यामुळे पूर्ण 1 लाख हातात येतील असे धरू नका. ते आले तरी 1 लाख 60 हजार त्यातून फिटत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज नसते असे नाही. व्याजाइतकी सूट किमतीत आधी दाखवतात आणि बँक ते व्याज हप्त्यांतून वसूल करते. शून्य टक्के म्हणवणाऱ्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवले जाते, यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बोट ठेवले होते. 85 हजारांवर अंदाजे 7 हजार व्याज धरले तर त्यावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मिळून सुमारे 1,600 रुपये तुमच्याकडून जातील, आणि पूर्ण रक्कम एकदम भरणाऱ्यास मिळणारी सूट असल्यास तीही जाईल. एरवी मी हे सहन करण्याजोगे म्हटले असते. तुमच्या बाबतीत मात्र सुमारे 7 हजारांचा पूर्ण हप्ता दरमहा किमान रकमेत मिळवला जाईल. आज 9 हजार भरताना ओढाताण होते, तेथे 16 हजार भरावे लागतील.

दोन दिवसांच्या मुदतीचे दडपणही मनातून काढा. 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. सेल संपला म्हणून तो पुन्हा चढणार नाही. घाई करायला लावणारी खोटी मुदत दाखवणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांच्या यादीत घातला आहे. ही मुदत खरी असली, तरी तुमचा टीव्ही बिघडलेला नाही. त्याचा पडदा उत्तम आहे, जुने झाले आहे ते आतले सॉफ्टवेअर, आणि तीन ते पाच हजारांचे स्ट्रीमिंग उपकरण मागे जोडले की ॲप चालवण्याचे काम ते करते. एवढा खर्च पगारातून करा. घरच्यांना चांगले चित्र दाखवावे ही तुमची इच्छा रास्त आहे आणि ती आत्ताच, कर्जाशिवाय पुरी होऊ शकते.

ठेव मोडल्यावर 1 लाख 60 हजार कार्डावर भरा. मुदतीआधी मोडल्याचा दंड दोन-तीन हजारांचा असेल. तेवढे तर तुम्ही दहा-बारा दिवसांच्या व्याजात गमावता. उरलेले 35-40 हजार बचत खात्यात राहू द्या. यानंतर दरमहा 9 हजार मोकळे होतील असे मात्र समजू नका. खरेदी तेवढीच राहिली तर 8 हजारांचे बिल पूर्ण भरावे लागेल आणि केवळ 1 हजार सुटतील. म्हणून वर्गण्यांपैकी दोन ठेवा आणि बाकीच्या बंद करा. ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. कार्डाच्या किंवा यूपीआयच्या ऑटो-पे यादीत जाऊन परवानगी रद्द करावी लागते. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवणे बंधनकारक आहे, तो संदेश न वाचता पुसू नका. यंदाचा बोनस, जितका हातात येईल तितका, पूर्णपणे राखीव निधीत जाऊ द्या, कारण 62 हजार पगाराच्या घरात 40 हजारांची शिल्लक महिनाभरही पुरत नाही. मोठ्या टीव्हीचा विचार पुढच्या वर्षीच्या बोनसमधून करा.

पूर्ण रक्कम भरल्यानंतरच्या स्टेटमेंटवरही थोडे व्याज लागलेले दिसेल. स्टेटमेंटची तारीख आणि तुम्ही पैसे भरल्याचा दिवस यांमधल्या काळाचे ते असते. घाबरून जाऊ नका, पण ती रक्कमही पूर्ण भरा, आणि थकबाकी शून्य दिसेपर्यंत त्या कार्डावर काहीही खरेदी करू नका.