चिनी अंक आणि ‘वान’चा हिशेब

प्रश्न : चिनी भाषेतील शंभरपर्यंतचे अंक मला येतात; मात्र मोठ्या रकमा ऐकल्या की गोंधळ होतो. काय करावे?

उत्तर : शंभरपर्यंतचा टप्पा तुम्हाला सोपा गेला असणार, कारण पस्तीस म्हणजे ‘सान-शी-वू’, म्हणजेच तीन-दहा-पाच, अशी तेथील सरळ रचना आहे आणि मराठीप्रमाणे नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. खरी अडचण दहा हजारांपासून सुरू होते. तेथे ‘वान’ हे नवे एकक येते, आणि पुढची मोजणी चार-चार अंकांच्या गटांनी चालते. दहा हजार वान झाले की ‘यी’, म्हणजे आपले दहा कोटी. म्हणून साडेतीन लाख म्हणजे पस्तीस वान, एक कोटी म्हणजे हजार वान आणि 140 कोटी म्हणजे 14 यी. माझा आग्रह असा, की इंग्रजी मिलियनमार्गे जाऊच नये. लाखांना दहाने गुणले की थेट वान मिळतात, आणि मराठी वाचकाला हीच वाट जवळची आहे.

शून्याकडेही लक्ष द्यावे. ‘यी बाय लिंग वू’, म्हणजे एक-शंभर-शून्य-पाच, म्हणजे 105 (येथील ‘यी’ म्हणजे एक, वरचे दहा कोटींचे ‘यी’ नव्हे). त्यातील ‘लिंग’, म्हणजे शून्य, गाळले तर ऐकणारा 150 समजतो. वस्तू मोजताना दोनसाठी ‘अर’ऐवजी ‘ल्यांग’ म्हणतात, आणि अंक व वस्तू यांच्यामध्ये मापनशब्द घालावाच लागतो : दोन माणसे म्हणजे ‘ल्यांग ग रन’, त्यात ‘ग’ हा मापनशब्द आणि ‘रन’ म्हणजे माणूस.