विडी सुटली, रस्त्याचा धूर सुटेना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वाहनांचा धूर आणि विडी-सिगारेट ओढलेल्यांची फुप्फुसे या विषयावर सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६१ असून निपाणीत जुन्या पी. बी. (पुणे-बेंगळुरू) रोडला लागून माझे दुकान आहे. तीस वर्षे रोज एक बंडल विडी ओढली; सहा वर्षांपूर्वी ती पूर्णपणे सोडली. पहिले वर्ष-दीड वर्ष बरे वाटले, परंतु आता उसाचा हंगाम सुरू होऊन रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रकांची रांग लागली की छाती भरल्यासारखी होते, सकाळी कफ पडतो आणि माडीचा जिना चढताना मध्येच थांबावे लागते. विडी सोडून इतकी वर्षे झाल्यावर रस्त्याच्या धुराचा एवढा त्रास का व्हावा? की हा वयाचाच भाग समजायचा?

उत्तर : वयाचा भाग म्हणून हे सोडून देऊ नका. तिशीनंतर प्रत्येकाची फुप्फुसे थोडी थोडी उतरणीला लागतात. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकता येणारी हवा निरोगी माणसातही दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. तेवढ्याने साठीच्या माणसाला माडीवर जाताना थांबावे लागत नाही. अमेरिका व कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात, श्वासनलिका थोड्या अरुंद झालेल्या मध्यमवयीन धूम्रपान करणाऱ्यांवर ११ वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. त्यात ओढत राहिलेल्या पुरुषांची ही क्षमता वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटरने घटली, तर कायमची सोडलेल्यांची सुमारे ३० मिलिलिटरने. म्हणजे सोडल्यानंतर घसरण जवळजवळ निरोगी माणसाच्या वेगावर येते, मात्र आधी जे गेले त्यातले फारसे परत मिळत नाही.

सोडल्यावर सुधारते काय आणि सुधारत नाही काय, हे समजून घेतले तर आपल्या त्रासाचा उलगडा होईल. श्वासनलिकांच्या अस्तरावर केसांहूनही बारीक तंतू असतात, जे कफाचा पातळ थर त्यात अडकलेल्या धुळीसह सतत घशाकडे ढकलत असतात. विडीच्या धुराने ते लुळे पडतात. विडी थांबल्यावर काही महिन्यांत बऱ्याच अंशी सावरतात, आणि आपल्याला सुरुवातीला बरे वाटले ते बहुधा यामुळेच. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंतींचे मात्र तसे नाही. तंबाखूच्या धुरामुळे फुप्फुसात गोळा होणाऱ्या पांढऱ्या पेशी जी द्रव्ये सोडतात, ती या भिंतींतील लवचीक धागे नष्ट करतात. शेजारचे कोश एकमेकांत मिसळून मोठ्या, ढिल्या पोकळ्या तयार होतात, श्वास सोडताना लहान नळ्या आधाराअभावी मिटतात आणि हवा आतच कोंडून राहते. शिवाय ज्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा दीर्घकालीन आजार, जडला आहे, त्यांच्या श्वासनलिकांची सूज विडी सुटल्यावरही पूर्णपणे ओसरत नाही.

अशा फुप्फुसांत रस्त्याची हवा शिरते. डिझेलच्या धुरातील बहुसंख्य कण ०.१ मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म असतात, ते नाका-घशात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात, आणि सोबतचा नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना चुरचुर लावून त्या आकसवतो. हीच हवा आपल्या शेजारच्या, कधीही न ओढलेल्या दुकानदाराच्या छातीतही जाते; त्याच्याही नळ्या किंचित आकसतात, परंतु त्याच्याकडे राखीव क्षमता भरपूर असल्याने त्याला ते जाणवत नाही. आपली ती राखीव क्षमता विडीने आधीच संपवली आहे. धूर दोघांना सारखाच मिळतो, पण जिन्यावर थांबावे आपल्याला लागते.

हंगामाविषयीचे आपले निरीक्षण अचूक आहे. नव्या मोटारी व ट्रकांना १ एप्रिल २०२० पासून धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ निकष लागू झाले, परंतु दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्यात येत नाहीत. त्यांचे निकष वेगळे आणि सैल आहेत. जुने ट्रक तर रस्त्यावर आहेतच. त्यात थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असल्याने धूर वर न जाता खालीच साचतो, आणि रानात पाचट पेटवलेले असेल तर त्याचीही भर पडते.

निपाणीच्या वाचकाला विडीबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो, हे मान्य केले पाहिजे. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि आजही अनेक घरांची चूल वखारीतल्या आणि विडीच्या मजुरीवर पेटते. फुप्फुसांना मात्र तो हिशेब कळत नाही.

आता करायचे काय, ते सांगतो. प्रथम स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकण्याची चाचणी, करून घ्या. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातील हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडीचे निदान पक्के होण्यास आधार मिळतो. सोबत छातीचा एक्स-रे व थुंकीची तपासणीही करून घ्या, कारण दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला आपल्याकडे क्षयरोग नाही ना, हे पाहिल्याशिवाय धुरावर ढकलू नये. दम लागण्यामागे हृदयविकार किंवा रक्ताची कमतरताही असू शकते. थुंकीतून रक्त पडले किंवा वजन उतरू लागले, तर हंगाम संपण्याची वाट पाहू नका. इन्हेलर सुरू झाल्यास तो रोज घ्यावा लागेल. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने लोक तो त्रास वाढल्यावरच ओढतात आणि त्याचा निम्मा उपयोग घालवतात. फ्लू व न्यूमोनियाच्या लशींबद्दलही आपल्या डॉक्टरांना विचारा.

दुकान हलवणे शक्य नसते, हे मी जाणतो. परंतु बसण्याची जागा फळीपासून आत, भिंतीच्या आडोशाला नेता येते; झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसता येते; दुकानासमोर माल उतरवणाऱ्या टेम्पोचालकाला इंजिन बंद करायला सांगता येते. वाहनांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटरवर झपाट्याने विरळ होतात, म्हणून झोपण्याची खोली तरी रस्त्याकडची नसावी.

प्रश्न : आमच्या यजमानांचे वय ६७. त्यांनी चार वर्षांपूर्वी सिगारेट सोडली असून सीओपीडीचे औषध चालू आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यामुळे ते सकाळी आठच्या सुमारास अनगोळहून निघून खानापूर रोडने फिरून येतात, पण परत येतात ते खोकतच. मोबाइलवर मात्र बेळगावची हवा ‘समाधानकारक’ दिसते. त्यांचे चालणे बंद करावे का?

उत्तर : चालणे बंद करू नका, रस्ता बदला. लंडनमध्ये नेमका हाच प्रश्न तपासण्यात आला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीवरील निरोगी माणसे, सीओपीडीचे रुग्ण आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना एकदा हाइड पार्क या बागेत आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीट या डिझेल बस व टॅक्सींच्या रस्त्यावर, दोन-दोन तास चालायला लावले. यांपैकी कोणीही त्या काळात धूम्रपान करत नव्हते. ज्यांनी पूर्वी केले होते त्यांना सोडून किमान वर्ष झाले होते. बागेत चालल्यानंतर निरोगी माणसे आणि सीओपीडीचे रुग्ण या दोघांचीही फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि ती सुधारणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली. रस्त्यावर चालल्यानंतर हा लाभ बहुतांशी नाहीसा झाला, आणि सीओपीडीच्या रुग्णांना खोकला, कफ, दम व छातीतील घरघर अधिक जाणवली. आपले यजमान रोज सकाळी हाच अनुभव घेत आहेत.

‘समाधानकारक’ या शब्दाने निश्चिंत होऊ नका. आपल्या देशाच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात या श्रेणीच्या वर्णनातच संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किरकोळ त्रास होऊ शकतो असे नमूद आहे, आणि आपले यजमान त्याच गटात मोडतात. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. शिवाय मोबाइलवरचा आकडा मोजणी यंत्राच्या जागेचा असतो. रेल्वे फाटकापाशी इंजिने चालू ठेवून थांबलेल्या वाहनांच्या मागून जाताना नाकासमोरची हवा त्याहून बरीच वाईट असू शकते.

अनगोळहून टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचा परिसर दूर नाही. तेथील झाडीत चालावे, आणि जाता-येताना गल्लीबोळांतून जावे, मुख्य रस्त्याने नव्हे. आठची वेळ शाळा-कचेरीच्या गर्दीची आहे. थंडीत अगदी पहाटेही नको. दुपारी चारच्या आसपास धूर बराच वर निघून गेलेला असतो. उन्हाळ्यातील भर दुपार मात्र टाळावी, कारण वाहनांच्या धुरातील वायूंवर कडक ऊन पडले की ओझोन तयार होतो आणि तोही श्वासनलिकांना सोसत नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून बेळगाव-कोल्हापूर टेम्पो चालवतो. दिवसाला सात-आठ सिगारेट होतात. कोगनोळी नाक्यावरची रांग आणि तवंदी घाटातल्या भरलेल्या लॉऱ्यांचा धूर रोज छातीत जातोच. मग सिगारेट सोडून असा काय फरक पडणार?

उत्तर : हिशेब करून पाहा. माणूस दिवसाला साधारण १५ घनमीटर हवा आत घेतो. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असलेल्या हवेतून दिवसभरात सुमारे ०.९ मिलिग्रॅम कण आत जातात. एका सिगारेटमधून मिळणारे डांबर (टार), म्हणजे तिच्या धुरातील चिकट कण, १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. तुमच्या घाटातली हवा याच्या कितीतरी पट वाईट धरली, तरी सात-आठ सिगारेटींची बरोबरी ती करत नाही. सिगारेटऐवजी विडी घेतली तर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड उलट जास्तच मिळतात.

यावरून रस्त्याचा धूर क्षुल्लक आहे असे मात्र ठरत नाही. डिझेलचा धूर कर्करोगजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले, आणि तुमचा व्यवसाय तुम्हाला रोज त्यात बसवतो. म्हणूनच तुमचा युक्तिवाद उलटा लावायला हवा. ज्याला कामासाठी धुरात बसावेच लागते, त्याला सिगारेट इतरांहून अधिक महाग पडते, कारण दोन्ही धूर एकाच जोडी फुप्फुसांवर उतरतात. चौतिसाव्या वर्षी सोडली तर वर निपाणीच्या वाचकांनी जी क्षमता गमावली, त्यातली बरीचशी तुमच्याकडे शिल्लक राहील. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी आहे. नाक्यावर रांगेत असताना काचा वर घेऊन हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबावे, आणि पुढच्या लॉरीच्या नळकांड्याला चिकटून उभे राहू नये.

प्रश्न : रुमाल किंवा मास्क बांधला तर चालेल का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : रुमालाने जाड धूळ अडते, धुरातील सूक्ष्म कण फारसे अडत नाहीत. चेहऱ्याला नीट घट्ट बसलेला एन-९५ मास्क कण बऱ्यापैकी अडवतो, पण नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू अडवत नाही, आणि दाढी असेल तर कडेने हवा आत येते. ज्यांना आधीच दम लागतो त्यांना तो घालून चढ चढताना अधिक कोंडल्यासारखे होऊ शकते. अशांनी तो गर्दीच्या रस्त्यावर थोडा वेळ, बसून किंवा सपाटीवर असतानाच वापरावा.