ट्रंक आधी, पुतळा मागाहून

वाचक विचारतात

प्रश्न (वाळवा तालुका) : हे जाऊन पंधरा वर्षं झाली. गावची पाणीपुरवठा संस्था ह्यांनी उभी केली, हायस्कूलसाठी दारोदार फिरले. पुढच्या पुण्यतिथीला गावकरी अर्धपुतळा बसवायचा म्हणतात, थोरला मुलगा स्मरणिका काढायची म्हणतो. माझ्याकडं ह्यांची लोखंडी ट्रंक आहे, त्यात डायऱ्या, संस्थेचे कागद आणि तीन अल्बम आहेत. हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोला आतून डाग पडलेत. आधी काय करू? आणि स्मरणिकेत मी लिहिलं तर चालेल का? घरच्यांनी लिहू नये म्हणतात.

उत्तर : ताई, आधी फोटोतली माणसं ओळखून घ्या. पुतळा दोन वर्षांनीही बसेल, पण मागच्या रांगेत फेटा बांधून उभा आहे तो कोण, हे सांगणारे गावात आता दोघं-तिघंच उरले असतील. प्रत्येक गटफोटोची ए-थ्री कागदावर झेरॉक्स काढा, चेहऱ्या-चेहऱ्यावर आकडा घाला आणि वहीत आकड्यापुढं नाव, भावकी, वस्ती लिहा. नुसतं 'आण्णा' किंवा 'बापू' लिहून भागत नाही, त्या नावाचे गावात वीसजण निघतात. दोन जाणत्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलं की एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. नावं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा आणि पुढं प्रश्नचिन्ह टाका.

हाराच्या फोटोचं दुखणं भिंतीत आणि हारात आहे. पावसाळ्यात भिंत ओल धरते, ताज्या हाराचं पाणी चौकटीच्या फटीतून आत उतरतं आणि फोटोवरचा जिलेटीनचा थर काचेला चिकटतो. अशी फ्रेम उघडून फोटो ओढला की चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहतो. ओढू नका. काच बाहेरून पुसा, गंध-कुंकवाचा थर काढा आणि काचेसकट स्कॅन करून घ्या. नवी प्रत भिंतीवर लावा. तिच्या आणि काचेच्या मध्ये चारी कडांना जाड पुठ्ठ्याची पट्टी हवी, म्हणजे फोटो काचेला टेकत नाही. हार नव्या फ्रेमला घाला.

अल्बम चिकट पानांचे आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचे असतील, तर तो डिंक फोटो पिवळे पाडतो. सोडवण्याआधी पूर्ण पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, क्रम कळतो. मग मेडिकलमध्ये दातांसाठीचा बिनमेणाचा फ्लॉस मिळतो, तो फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. इस्त्रीची ऊब देऊ नका. जो निघत नाही तो पानासकट कापून ठेवलेला बरा. स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, करा. चार बाय सहा इंची फोटोची २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रत मिळते, स्मरणिकेत पानभर छापली तरी धूसर होत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की बारीक होतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. बहुतेक स्मरणिकांतले फोटो इथंच बिघडतात आणि शिव्या प्रेसवाल्याला बसतात.

ट्रंकेतल्या कागदांचे दोन ढीग करा. प्रोसिडिंग बुक, सभासद रजिस्टर, पावतीपुस्तकं संस्थेची आहेत. त्यांची यादी करा, स्कॅन घ्या आणि मूळ वह्या संस्थेला परत करून पोहोच घ्या. डायऱ्या, पत्रं आणि स्वतःची टिपणं घरची. ह्यांनी बांधलेले गठ्ठे सोडून तारखेनं लावत बसू नका. कोणता कागद कोणत्या कागदाबरोबर ठेवला, तीसुद्धा त्यांचीच नोंद आहे. गंजलेला स्टेपल ओढू नका, मागचे दोन्ही पाय उलगडून काढा. फाटलेल्याला सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सुटत नाही. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा हिरवा पाला घालतात; त्याचे डाग पडतात.

ट्रंक माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हलवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या किती घरांतल्या ट्रंका जागेवरच भिजल्या, ते तुमच्या तालुक्याला सांगायला नको. कागद भिजलेच, तर ४८ तासांच्या आत वाळवावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली सुटे पसरा. ढीग मोठा असेल तर पिशव्यांत भरून एखाद्या दूध डेअरीच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही, मग सवडीनं थोडे-थोडे काढून वाळवता येतात.

आता तुमच्या लिहिण्याचं. लिहा, आणि पहिला लेख तुमचाच असू द्या. कराडला वेणूताई चव्हाण स्मारक आहे. वेणूताई १९८३ साली गेल्यावर यशवंतराव चव्हाणांनी ते बायकोच्या नावानं उभं करायला घेतलं, त्यांचा ग्रंथसंग्रह आज तिथं आहे. त्या मुलखात राहून घरच्यांनी लिहू नये म्हणायचं म्हणजे कमाल आहे. फक्त 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व', 'गोरगरिबांचे कैवारी' हे बाकीचे वीस लेखक लिहिणारच आहेत, ते तुम्ही सोडा. तुम्हालाच ठाऊक असलेलं लिहा : मीटिंग रात्री किती वाजता सुटायची, किती माणसांच्या भाकरी पडायच्या, पीठ कुणाच्या घरून यायचं, शेअर गोळा करताना घरातलं काय मोडलं, तुम्ही कशाला नाही म्हणालात आणि ह्यांनी तरी केलं. हात लिहायला बसत नसेल तर नातवंडाला मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा. एका तासाचं बोलणं उतरवायला पाच-सहा तास लागतात, तेवढी सवड ठेवा. स्मरणिकेची पानं सोळाच्या पटीत धरा, ४८ किंवा ६४. मध्येच ५३ झाली की कोरी पानं उरतात किंवा जाहिराती शोधत फिरावं लागतं.

जन्मतारीख छापण्यापूर्वी एकदा पाहा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल, तर ती बहुतेक मास्तरांनी घातलेली. त्या पिढीत अर्धा गाव १ जूनला जन्मलेला आहे. खात्री नसेल तर नुसतं साल घाला. दगडावर कोरलेली चूक खोडता येत नाही.

पुतळ्याबद्दल एवढंच : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर रस्त्यावर, चौकात जागा मागण्यात अर्थ नाही. संस्थेच्या आवारातली जागा बघायला सांगा.

प्रश्न (कोरेगाव) : वडिलांची पुण्यतिथी तिथीनं करावी की तारखेनं? आई तिथी म्हणते, कार्यकर्ते तारीख.

उत्तर : दोन्ही करा. घरचं श्राद्ध तिथीनं, गावचा कार्यक्रम तारखेनं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळं तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरते आणि अधिक महिन्यानं पुन्हा पुढं जाते. पाहुण्यांना ते लक्षात राहत नाही. आईंचा दिवस मात्र कार्यक्रमात मिसळू नका, तो घरचा आहे.

प्रश्न (तासगाव) : पतीच्या नावानं ट्रस्ट काढून शाळेत दरवर्षी बक्षीस द्यायचं आहे. एक लाख रुपये बाजूला ठेवलेत.

उत्तर : एक लाखासाठी ट्रस्ट काढू नका. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब आणि ऑडिट आलं, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज आला. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६,५०० रुपये व्याज येणार, ते कागदपत्रांतच जाईल. रक्कम शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर मुदत ठेवीत ठेवा, मुख्याध्यापकांच्या नावावर नको, ते बदलून जातात. अटी लेखी द्या आणि संस्थेचा ठराव मागून घ्या : मुद्दल मोडायची नाही, व्याजातले ५,००० बक्षिसाला, उरलेले परत ठेवीत. हे शेवटचं कलम नसेल तर वीस वर्षांनी बक्षिसाच्या पैशात वह्यासुद्धा येत नाहीत. आज शाळांतून ५१ रुपयांची स्मृतिबक्षिसं दिसतात, तीही ठेवली तेव्हा भरघोसच होती.

प्रश्न (सातारा) : वडिलांच्या भाषणांच्या सात कॅसेट सापडल्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून लावून बघू का?

उत्तर : आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. लावाल तर ती यंत्रात जाईल आणि बाकीच्या सहाही खराब करेल. ती कॅसेट वेगळी काढून जाणकाराकडं द्या. चांगल्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. यंत्राचं हेड, म्हणजे फितीला टेकणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पुन्हा मागं फिरवली की फितीचा ताण सारखा होतो. आवाज दबका येत असेल तर फितीमागचा छोटा नमद्याचा तुकडा गळलेला असतो. फीत स्क्रूवाल्या दुसऱ्या डबीत घालावी लागते. नव्वद मिनिटांची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ, ती पुन्हापुन्हा मागं-पुढं करू नका.

स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नका. टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून, वायर संगणकाला जोडा आणि रेकॉर्डिंगचं सेटिंग असं ठेवा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी जागा लागते. वाटायला त्याच्यावरून एमपीथ्री काढा. सुरुवातीचं 'हॅलो, हॅलो', माइकवर टिचकी मारल्याचा आवाज, मध्येच कुणाला तरी पाणी आणायला सांगितलेलं, हे साफसफाईच्या नावाखाली कापलं जातं. मूळ फाइलमध्ये ते सगळं तसंच ठेवा. भाषण कुणीही दुसऱ्यानं लिहून दिलेलं असू शकतं, पाणी मागितलेलं त्यांचंच आहे.