डीएनए वापरून बोअरवेलच्या पाण्यातील शिसे ओळखता येते का?

आनुवंशिक माहिती साठवणारा डीएनए शिशासारखा धातू कसा ओळखतो आणि नागपुरातील आपल्या घरच्या बोअरवेलच्या पाण्यासाठी ही पद्धत वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. मी येथेच एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर हे प्रयोग करून पाहिले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पेशीतला डीएनए दुपेडी असतो आणि तो स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही. एकेरी धागा मात्र स्वतःभोवती दुमडून ठरावीक आकार घेऊ शकतो, आणि अशा काही आकारांना विकरासारखे (एन्झाइमसारखे), म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणण्याचे, काम करता येते. १९९४ साली रोनाल्ड ब्रेकर आणि जेराल्ड जॉइस यांनी यादृच्छिक क्रमाच्या असंख्य धाग्यांमधून निवड करत करत असा पहिला उत्प्रेरक डीएनए मिळवला, आणि त्याला काम करण्यासाठी शिशाचेच आयन लागत होते. निसर्गात असा डीएनए अजून सापडलेला नाही. तो सर्वस्वी परीक्षानळीतला आहे.

शिसे ओळखणाऱ्या संवेदकात दोन धागे असतात. एक धागा उत्प्रेरक. दुसरा त्याचे लक्ष्य, ज्यात मधल्या एकाच जागी मुद्दाम आरएनएचा (डीएनएच्या जवळच्या भावंड-रेणूचा) घटक बसवलेला असतो, कारण तेवढा दुवा डीएनएच्या इतर दुव्यांपेक्षा कितीतरी सहज तुटतो. शिशाचा आयन आला की लक्ष्यधागा तेथेच तुटतो, तुकडे सुटे होतात, आणि एका टोकाला लावलेला चमकणारा रंगरेणू त्याची चमक दाबणाऱ्या रेणूपासून दूर जाऊन उजळतो. इलिनॉय विद्यापीठात यी लू आणि जिंग ली यांनी २००० साली असा संवेदक प्रसिद्ध केला. पुढे २००७ मध्ये लू यांच्याच गटाने युरेनिलसाठी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या युरेनियमच्या आयनासाठी, केलेला संवेदक ४५ पिकोमोलरपर्यंत, म्हणजे लिटरमागे सुमारे ११ नॅनोग्रॅम युरेनियमपर्यंत पोहोचला. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ४८ नॅनोमोलर आहे. तेव्हा संवेदनक्षमता ही येथे अडचण नाही.

अडचण आपल्या पाण्याची आणि आपल्या उन्हाची आहे. दोन धागे एकमेकांना धरून असतात ते तापमानाच्या भरवशावर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की पंखा लावलेल्या प्रयोगशाळेतही काही जोड्या शिशाविनाच सुटतात आणि नळी उगाच उजळते. लक्ष्यधाग्यावरच चमक दाबणारा दुसरा रेणू बसवला की हा दोष बराच कमी होतो.

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची जी रंगबदलाची पद्धत सोपी म्हणून सांगितली जाते, तिच्या एका प्रकाराबाबत मी अधिक सावध आहे. त्यात शिसे असल्यास तुटलेले आखूड तुकडे कणांना चिकटून त्यांना सुटे ठेवतात आणि द्रावण लाल राहते. शिसे नसल्यास मीठ घातल्यावर कण एकत्र येऊन ते निळे होते. परंतु बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमदेखील कणांना एकत्र आणतात. म्हणजे शिसे असूनही निळा रंग दिसून आपण निर्धास्त होण्याचा धोका आहे. चुकायचेच असेल, तर चाचणीने विनाकारण घाबरवलेले बरे!

याहून महत्त्वाचे म्हणजे, हा डीएनए फक्त विरघळलेले मोकळे आयन पाहतो. गंजाच्या कणांना किंवा सेंद्रिय द्रव्याला धरून बसलेले शिसे त्याला दिसत नाही, पण ते पोटात मात्र जाते. म्हणून नमुन्यात आधी नायट्रिक आम्ल घालून, गरज असल्यास तापवून, शिसे मोकळे करावे लागते आणि मग द्रावण पुन्हा उदासीन करावे लागते, कारण आम्लात हा डीएनए काम करत नाही. हे स्वयंपाकघरात करण्यासारखे काम नाही. त्यामुळे घरच्या पाण्याविषयी निर्णय घ्यायचा असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एकूण शिशाची तपासणी करून घ्यावी. अनेक नमुन्यांची प्राथमिक चाळणी करायची असेल, तेथे हा संवेदक उपयोगी आहे.

तरीही आपण हा संवेदक एखाद्या प्रयोगशाळेत वापरून पाहणार असाल, तर चमक वापरणारा घ्या आणि त्याच पाण्याच्या दुसऱ्या नळीत डीएनए घालण्यापूर्वी ईडीटीए घाला. हे रसायन शिशाला घट्ट धरून ठेवते. तेथे चमक नाहीशी झाली तर धातूचा संशय खरा. ती तशीच राहिली, तर धागा उन्हाने सुटला आहे किंवा आरएनए तोडणाऱ्या एखाद्या विकराने, बहुधा आपल्याच बोटांवरच्या, तो कापला आहे.