अमेरिकेतल्या पीएचडीच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या भावाला

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. दारव्ह्याजवळचं गाव, झूलॉजीत एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, डिसेंबरात अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांना बायोलॉजीच्या पीएचडीसाठी अर्ज, आणि जानेवारी सरत आला तरी एकाचंही उत्तर नाही. त्यात नागपूरचा कन्सल्टंट म्हणतो, पीएचडीचा नाद सोड, मास्टर्सला सीट पक्की करून देतो, बँकेत सात-बारा ठेवा. मी वणी तालुक्यातली, सध्या विस्कॉन्सिनमध्ये पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी नऊ अर्ज केले, नऊही ठिकाणी नकार. दुसऱ्या खेपेला इथे जमलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, वावर गहाण टाकू नकोस. अमेरिकेतल्या बायोलॉजीच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते, आरोग्य विमा मिळतो आणि वर स्टायपेंड मिळतो, शहर आणि विद्यापीठ बघून वर्षाला साधारण 30 ते 45 हजार डॉलर. त्यात एकट्या माणसाचं नीट भागतं. मास्टर्सला मात्र बहुतेकदा फी आपल्या खिशातून जाते. पीएचडीसाठी केलेला अर्ज कर्जाच्या मास्टर्सकडे वळवण्यात कन्सल्टंटचा फायदा आहे, तुझा काय आहे ते मला दिसत नाही.

आता उत्तर न येण्याबद्दल. परदेशी मुलांना उत्तर उशिरा का येतं, हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर किती रात्रींची झोप वाचली असती! एनआयएच, म्हणजे तिथल्या सरकारची आरोग्य-संशोधन संस्था, तिच्याकडून विद्यापीठांना पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी जी ट्रेनिंग ग्रँट मिळते, तिच्यातून फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना पैसे देता येतात. आपला खर्च विभागाला किंवा एखाद्या प्राध्यापकाला दुसऱ्या निधीतून काढावा लागतो. त्यामुळे आपल्यासाठी जागा मोजक्या, आणि त्या पैसा किती आहे ते कळल्यावर ठरतात. 2025 मध्ये संशोधनाच्या अनुदानांवर गंडांतर आलं तेव्हा काही ठिकाणी दिलेले प्रवेशसुद्धा मागे घेतले गेले. म्हणजे तुझा अर्ज चांगला असूनही नकार येऊ शकतो, आणि त्याचं कारण तुला कधी कळणारही नाही. हे कडू आहे, पण ते धरूनच चाल. नकार आला म्हणजे आपण अमेरिकेच्या लायकीचे नाही, असं मी वर्षभर समजत होते. ते चूक होतं.

मुलाखती जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालतात. तिथल्या मुलांना विद्यापीठात बोलावतात, आपली बहुधा झूमवर होते. मुलाखतीचा मेल आला तर तू शेवटच्या थोड्या नावांत आहेस असं समज. तीन-चार प्राध्यापक, प्रत्येकी अर्धा तास. माझी एक मुलाखत तिकडे दुपारी दीडला, म्हणजे आपल्याकडे रात्री एकला होती. गावात लाइटचा भरवसा नाही म्हणून मी यवतमाळला मावसभावाकडे जाऊन बसले. तूही नेटची अशीच सोय आधी करून ठेव.

प्रश्न इंग्रजीचे नसतात, कामाचे असतात. एम.एस्सी.चा प्रबंध काढून बस आणि स्वतःला विचार: हे का केलं, तुलना कशाशी केली, निकाल उलटा आला असता तर काय म्हणालो असतो? पहिल्या वर्षी मी अर्जासोबतच्या निवेदनात गावाचं दारिद्र्य, वडिलांचे कष्ट, माझी जिद्द असं दोन पानं लिहिलं होतं. सगळं खरं होतं, पण त्यात एकही प्रश्न नव्हता. दुसऱ्या वर्षी सुरुवात एका पुडीपासून केली. बीटी कपाशीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीच्या, 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. कडेनं ती लावायची, म्हणजे तिच्यावर जगलेली साधी बोंडअळी पुढे बीटीला न जुमानणाऱ्या प्रतिकारक अळीशी संकर करील आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. आमच्याकडे ती कुणी लावत नसे. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी खाल्ली तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. मग प्रबंधासाठी आमच्याच वावरात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावून, डोमकळ्या (अळीनं आतून खाल्लेली, न उमलणारी फुलं) मोजून मी विचारलं, की अळी टिकते ती जनुकांमुळे जास्त, की उन्हाळ्यापर्यंत फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली पऱ्हाटी) ठेवल्यानं तिला खायला मिळत राहतं म्हणून? एका प्राध्यापकांनी अर्धा तास फक्त फरदडीवर प्रश्न विचारले. तुझ्या पत्रात तळ्यातल्या गोगलगायींचा उल्लेख ओझरता आहे. मुलाखतीत तोच पुढे कर.

फेब्रुवारी संपेपर्यंत काहीच आलं नाही, तर प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला चार ओळींचा एक नम्र मेल टाक, नवीन निकाल किंवा पोस्टर असेल तर तेही कळव. दर आठवड्याला मात्र लिहू नकोस. शिफारसपत्रं तिन्ही पोचली का, हे आजच पोर्टलवर बघ. माझ्या एका सरांचं पत्र राहून गेलं होतं आणि मला ते नकारानंतर कळलं.

बाबांना 15 एप्रिल ही तारीख सांग. तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलंय, की आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर त्या तारखेआधी द्यायची सक्ती करायची नाही. मुलं दोन-तीन ऑफर धरून बसतात आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोडतात. प्रतीक्षायादी तेव्हाच हलते. माझी आई रोज सकाळी विचारायची, "आला का वं तुहा कागद?" मी कालनिर्णयवर 15 ला गोल केला, तेव्हा कुठे घरातलं विचारणं थांबलं.

तोवर भारतातली दारं उघडी ठेव. जूनच्या सीएसआयआर नेट या परीक्षेचा फॉर्म निघाला की भर. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37 हजार आणि घरभाडं मिळतं, आणि पुण्याचं आयसर किंवा हैदराबादचं सीसीएमबी अशा संशोधन संस्थांतलं काम काही दुय्यम नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी अशाच एका संस्थेत गेली आणि तिचं काम माझ्यापेक्षा पुढे आहे.

प्रवेश मिळालाच तर आय-20 (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), 350 डॉलरची सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), व्हिसा फी, मुंबईच्या दोन चकरा, तिकीट आणि खोलीचं डिपॉझिट असा खर्च येतो, आणि पहिला स्टायपेंड हाती येईपर्यंतची सोय वेगळी. माझे साडेतीन लाख लागले. त्यातले निम्मे सोयाबीनचे होते, उरलेले मामानं दिले, ते मी दीड वर्षात फेडले. एवढ्याचा विचार आतापासून कर, जास्तीचा नको.

मुलाखतीचा मेल आला की कळव. रात्री साडेनऊला तुझा सराव घेईन, माझ्याकडे तेव्हा सकाळचे दहा असतात.